मेहमूद: हसवता हसवता बापाचं दुखणं सांगून गेलेले भाईजान

आपल्या खान्देशात उर्दू शाळेचा सालाना जलसा असो की लग्नघरातली आदली रात्र, एखादा तरी पोरगा लुंगी गुंडाळून, ओठावर काजळाची बारीक मिशी काढून पुढे येतो आणि हैदराबादी लहेजात बोलायला लागतो. म्हातारे खुदकन हसतात. बाया पदर तोंडाला लावतात. त्या पोराला विचारा, ही नक्कल कुणाची? कधीकधी त्याला नावही सांगता येत नाही. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, म्हणून तो करतो. नाव माहीत नसताना नक्कल चालू राहते, यापेक्षा मोठी शोहरत एखाद्या विनोदी नटाला काय मिळणार?

ते नाव आहे मेहमूद अली. त्यांच्या इंतकालाला वीस वर्षं उलटून गेली. हसवणारा माणूस म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते निर्माते होते, दिग्दर्शक होते, आणि एका अपंग मुलाचे बाप होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा त्यांच्या हातून जो सिनेमा झाला, त्याचं महत्त्व आपल्या मोहल्ल्यांत आजही कमी झालेलं नाही. म्हणून ही कहाणी नव्या पिढीसाठी थोडी सविस्तर सांगतो.

बॉम्बे टॉकीजच्या अंगणातलं बालपण

मेहमूद यांचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, मुंबईतला. वालिद मुमताज अली हे त्या काळातले नावाजलेले नर्तक आणि नट. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्यांचं काम चालायचं. घरात भावंडांचा मोठा गोतावळा. बहीण मिनू मुमताज पुढे नृत्यांगना आणि नटी म्हणून प्रसिद्ध झाल्या, धाकटे भाऊ अन्वर अली हेही सिनेमात आले.

बाप स्टुडिओत, म्हणून पोरगाही स्टुडिओत. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. त्यात अशोक कुमार यांच्या पात्राचं लहानपण मेहमूद यांनी केलं. ‘किस्मत’ कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. एवढ्या गाजलेल्या सिनेमात लहानपणीच तोंड दाखवलेल्या मुलाची पुढची वाट सोपी असेल असं वाटतं. तसं झालं नाही. मुमताज अलींना दारूचं व्यसन लागलं, घराची घडी विस्कटली, आणि मोठ्या मुलाच्या खांद्यावर घराचं ओझं आलं.

मग मेहमूद यांनी काय नाही केलं? अंडी-कोंबड्या विकल्या. दिग्दर्शक पी. एल. संतोषी यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून राहिले. मीना कुमारी यांना टेबल टेनिस शिकवायचं काम मिळालं, तेही केलं. त्याच ओळखीतून मीना कुमारी यांच्या बहिणीशी, मधूशी, त्यांचं लग्न झालं. हा संसार पुढे टिकला नाही. दुसरं लग्न त्यांनी एका अमेरिकन बाईंशी केलं.

आमच्या वर्गातली काही मुलं सुट्टीच्या दिवशी बापाच्या हातगाडीवर उभी राहतात, फळं विकतात, गॅरेजवर पाने पुसतात. सोमवारी शाळेत आली की ते सांगायला लाजतात. अशा मुलांना मी मेहमूद यांची ही पहिली दहा वर्षं मुद्दाम सांगतो. दुसऱ्याची गाडी चालवणारा माणूस पुढे स्वतः सिनेमे काढू लागला. मधल्या काळात त्याने कुठलंही हलालीचं काम हलकं मानलं नाही.

शेंगदाणे विकणारा ते हुकमी एक्का

सिनेमात परत येताना त्यांना दारातूनच उभं राहावं लागलं. १९५३ च्या ‘दो बीघा ज़मीन’मध्ये ते शेंगदाणे विकणाऱ्याच्या क्षणभराच्या भूमिकेत दिसतात. १९५६ च्या ‘सी.आय.डी.’मध्ये खुनी, १९५७ च्या ‘प्यासा’मध्ये नायकाचा स्वार्थी भाऊ. गुरुदत्त यांच्या सिनेमांतली ही कामं गंभीर होती. त्यांतून कुणाला वाटलं नसेल की हा माणूस पुढे देशाला हसवेल. १९५८ च्या ‘परवरिश’मध्ये राज कपूर यांच्यासोबत मोठी भूमिका मिळाली आणि गाडी रुळावर आली.

विनोदाची खरी बैठक मात्र १९५९ च्या ‘छोटी बहन’पासून बसली. त्यात आपल्या मराठी प्रेक्षकांना जवळची वाटावी अशी गोष्ट आहे. मेहमूद यांची जी तिकडी गाजली, त्यातले उरलेले दोघे मराठी होते: शुभा खोटे आणि धुमाळ. बाप धुमाळ, मुलगी शुभा खोटे, आणि तिच्यामागे लागलेला मेहमूद. ही जुळणी पुढे ‘ससुराल’, ‘ज़िद्दी’ अशा कितीतरी सिनेमांत लोकांनी डोक्यावर घेतली. नाटकात तयार झालेल्या धुमाळांचं टायमिंग आणि स्टुडिओत वाढलेल्या मेहमूद यांची चपळाई, दोघांची टक्कर पाहण्यासारखी असायची. पुढे अरुणा इराणी यांच्याशीही त्यांची अशीच जोडी जमली.

१९६२ च्या ‘दिल तेरा दीवाना’साठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तेव्हा तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला, ‘प्यार किये जा’साठी. आयुष्यात सुमारे तीनशे सिनेमे केले. एक काळ असा होता की नायक कोण हे ठरायच्या आधी मेहमूद आहेत का, हे विचारलं जायचं.

एका वाक्यात मारायची कला

मेहमूद यांचा विनोद लांबलचक नव्हता. समोरचा माणूस चार वाक्यं बोलून दमायचा, आणि हे मान तिरकी करून एक वाक्य टाकायचे. त्या वाक्याआधीचा क्षणभराचा थांबा हाच खरा विनोद. शिक्षक म्हणून मला हे पटतं. वर्गात बडबड्या मुलापेक्षा शेवटच्या बाकावरचा, दिवसातून एकदाच बोलणारा मुलगा सगळ्या वर्गाला हसवतो.

त्यांचं बोलणंही आपल्या घरचं वाटायचं, याला कारण आहे. १९६५ च्या ‘गुमनाम’मधला त्यांचा खानसामा दखनीत बोलतो. दखनीत नकाराला जो नक्को आहे, तो मराठीतल्या नकोवरून आलेला. लखनऊ-दिल्लीची उर्दू ऐकताना आपण थोडे सावरून बसतो, शीन-काफ तपासतो. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यात घरी जी उर्दू बोलली जाते तिच्यात मराठी आहे, जागोजागी अहिराणीही आहे. पडद्यावर एक माणूस अशीच मिसळलेली भाषा बिनधास्त बोलतोय आणि सगळा देश टाळ्या वाजवतोय, हे पाहून आपल्या वडीलधाऱ्यांना किती बरं वाटलं असेल! भाषा शुद्ध नसली म्हणून माणूस कमी होत नाही, हे त्यांनी न सांगता शिकवलं.

त्यांचा कोटीचा हात कसा होता, त्याचा एक नमुना १९७२ च्या ‘बॉम्बे टू गोवा’त आहे. त्या काळी राजेश खन्ना यांच्या नावाने तरुणाई वेडी झालेली. मेहमूद यांनी काय केलं? बसच्या ड्रायव्हरचं नाव ठेवलं राजेश, कंडक्टरचं खन्ना. ड्रायव्हर झाले भाऊ अन्वर अली, कंडक्टर स्वतः. दोघं मिळून सुपरस्टार! एकही वाईट शब्द न वापरता केलेली ही थट्टा. १९७० च्या ‘हमजोली’त तर त्यांनी एकट्याने आजोबा, बाप आणि नातू अशा तीन भूमिका केल्या, आणि कपूर घराण्याच्या तीन पिढ्यांची हुबेहूब लकब उतरवली.

एका ओळीत टोला हाणणारा त्या काळचा दुसरा माणूस म्हणजे आय. एस. जोहर. तेही नट, लेखक आणि दिग्दर्शक. वाचकांच्या प्रश्नांना फिल्मफेअरमधून त्यांनी दिलेली तिरकस उत्तरं लोक पाठ करायचे. या दोघांच्या जोडीवर ‘जौहर मेहमूद इन गोवा’ आणि ‘जौहर मेहमूद इन हाँगकाँग’ असे सिनेमे निघाले. विनोदी नटांचं नाव थेट सिनेमाच्या नावात! एरवी हा मान नायकालाही मिळत नाही.

निर्माता झाला, दरवाजे उघडले

आता मेहमूद यांच्या दुसऱ्या बाजूकडे येऊ. १९६१ साली त्यांनी ‘छोटे नवाब’ काढला. संगीताला सचिनदेव बर्मन हवे होते, त्यांना सवड नव्हती. त्यांच्याच घरी तबला वाजवत बसलेल्या मुलावर मेहमूद यांची नजर गेली. तो मुलगा म्हणजे पंचम, राहुलदेव बर्मन. ‘छोटे नवाब’ हा संगीतकार म्हणून त्यांचा पहिला सिनेमा. १९६५ मध्ये मेहमूद यांनी स्वतः दिग्दर्शन केलेला ‘भूत बंगला’ आला, नायिका तनुजा. त्यात तर त्यांनी पंचमला पडद्यावर कामही करायला लावलं.

गंमत पाहा. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘प्यार किये जा’मध्ये त्यांनी जे पात्र केलं, ते सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेल्या पोराचं आहे. खिशात पैसा नाही, पण कंपनीचं नाव ठरलेलं, वाह वाह प्रॉडक्शन. तो बापाला, म्हणजे ओमप्रकाश यांना, आपल्या भुताच्या सिनेमाची गोष्ट ऐकवतो. दाराचं करकरणं, पावलांचा आवाज, वारा, सगळं तोंडाने. बाप खुर्चीत आक्रसत जातो. हिंदी सिनेमातल्या विनोदाच्या उत्तम प्रसंगांत याची गणती होते. आणि हा प्रसंग करणारा माणूस वर्षभर आधीच खराखुरा भुताचा सिनेमा काढून बसला होता. स्वतःवर हसणं यालाच म्हणतात.

हे वेड आपल्या शेजारीच पुन्हा जन्माला आलं. धुळ्याहून आग्रा रोडने तासाभराच्या अंतरावर मालेगाव. तिथल्या नासिर शेख यांनी आणि यंत्रमागावर राबणाऱ्या त्यांच्या दोस्तांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, पुढे मालेगावचा स्वतःचा सुपरमॅनही उडवला. त्यांच्यावर माहितीपट झाला, आणि २०२५ मध्ये मोठा हिंदी सिनेमाही आला. खिशात पैसा नसताना वाह वाह प्रॉडक्शन काढता येतं, हे मालेगावच्या पोरांनी खरं करून दाखवलं.

१९६८ मध्ये मेहमूद आणि एन. सी. सिप्पी यांनी ‘पड़ोसन’ काढला. त्याचा एक किस्सा सांगितला जातो. उमेदवारीच्या काळात मेहमूद किशोर कुमार यांच्याकडे काम मागायला गेले होते. उद्या जो मलाच भारी पडेल त्याला मी संधी कशी देऊ, असं किशोरदांनी हसत टाळलं. मेहमूद यांनी तेव्हा सांगितलं, मी सिनेमा काढेन तेव्हा तुम्हाला घेईन. आणि घेतलं. ‘पड़ोसन’मध्ये किशोर कुमार आणि मेहमूद समोरासमोर गाण्याची जी झुंज खेळतात, ती आजही घराघरांत पाहिली जाते. पैसा आपला, सिनेमा आपला, तरी समोरच्याला पूर्ण मोकळं रान दिलेलं. हे सोपं नाही.

अमिताभ बच्चन यांचंही तसंच. ‘सात हिंदुस्तानी’मध्ये अन्वर अली यांच्याशी त्यांची दोस्ती झाली, आणि पडत्या काळात ते मेहमूद यांच्या घरी राहिले. ‘बॉम्बे टू गोवा’त मेहमूद यांनी त्यांना नायक केलं. ‘ज़ंजीर’ तेव्हा यायचा होता. संगीतकार राजेश रोशन यांनाही पहिली संधी मेहमूद यांनीच दिली. नईम सय्यद नावाच्या लहान पोराला त्यांनी आपलं नाव दिलं, ज्युनिअर मेहमूद. पुढे या ज्युनिअर मेहमूद यांनी मराठी सिनेमेही काढले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचाही इंतकाल झाला.

घरचे आणि सिनेमातले लोक मेहमूद यांना भाईजान म्हणायचे. ते उगीच नाही.

हसण्याची किंमत कोण देतं?

इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे, नाहीतर ही नुसती तारीफ होईल. ‘पड़ोसन’मधला शेंडीवाला मद्रासी गाणं मास्तर, ‘गुमनाम’मधला काळ्या रंगाचा खानसामा, ही पात्रं लोकांनी डोक्यावर घेतली. पण दक्षिणेतल्या माणसाचं बोलणं, त्याचा पेहराव, त्याचा रंग म्हणजे हसायची गोष्ट, ही सवयही अशा पात्रांनी वाढवली. खुद्द मेहमूद यांचे कितीतरी सिनेमे मूळ तमिळ सिनेमांवरून बेतलेले, मद्रासच्या निर्मात्यांचे. आयुष्याची शेवटची बरीच वर्षं त्यांनी बंगळुरूकडे काढली. तरी ही छाप राहिलीच.

आपण मुसलमानांनी तर हे नीट समजून घ्यावं. दाढी-टोपीवाला, पान चघळणारा, तुटकं मराठी बोलणारा मुसलमान नाटका-सिनेमात हसण्यासाठी उभा केला की आपल्याला टोचतं. मग दुसऱ्याच्या बोलीवर आपण पोट धरून हसतो तेव्हा त्यालाही टोचत असणार. वर्गात सावळ्या मुलीला त्या गाण्यावरून चिडवणारी पोरं मी पाहिली आहेत. गंमत अशी की ते गाणं तिच्या बाजूचं आहे. रंगावरून माणसाला मोजू नका, हेच तो खानसामा रफीसाहेबांच्या आवाजात सांगतो. चिडवणाऱ्यांनी अर्थ सोडला आणि रंग तेवढा धरला.

मेहमूद यांना स्वतःला ही दुसरी बाजू कळत होती, असं त्यांच्या पुढच्या कामावरून वाटतं. १९७१ च्या ‘मैं सुंदर हूँ’मध्ये ते दिसायला साधारण असलेला वेटर आहेत. तो मोठा विनोदी नट होतो, पण मनातलं दुःख कुणाला दाखवू शकत नाही. त्याच वर्षीच्या ‘लाखों में एक’मध्ये ते चाळीत सगळ्यांची हलकीसलकी कामं करून शिकणारा अनाथ पोरगा आहेत. हसणारे प्रेक्षक मध्येच गप्प व्हायचे. आपण कुणावर हसत होतो, हे त्यांच्या ध्यानात यायचं.

‘कुँवारा बाप’: बापाने काढलेला सिनेमा

आणि मग १९७४ साली आला ‘कुँवारा बाप’. दिग्दर्शन मेहमूद यांचं, मुख्य भूमिकाही त्यांचीच.

गोष्ट अशी. एका रिक्षावाल्याला मंदिरात टाकून दिलेलं तान्हं बाळ सापडतं. त्याचं लग्न झालेलं नाही, पोरं सांभाळायची माहिती नाही, हे बाळ गळ्यातून काढायचा तो खूप प्रयत्न करतो. शेवटी जीव लागतो. बाळाचं नाव तो ठेवतो हिंदुस्तान. पण गरीब, अडाणी बाप. लस वगैरे त्याच्या डोक्यात येत नाही. मुलाला पोलिओ होतो, पाय जातात. इथून पुढे तो बाप मुलाला उभं करायला जे करतो, तो सगळा सिनेमा.

पडद्यावरचा तो मुलगा होता मेहमूद यांचा खरा मुलगा, मकदूम अली, ज्याला लोक मॅकी अली म्हणून ओळखतात. त्याला खरंच पोलिओ होता. म्हणजे देशातला सगळ्यात महागडा विनोदी नट, ज्याच्या घरात पैशाची कमी नाही, तोही मुलाच्या पायांपुढे हतबल होता. आपलं घरातलं दुखणं झाकून ठेवायची आपल्याकडे रीत. पाहुणे आले की अपंग पोराला आतल्या खोलीत नेणारी घरं आजही आहेत. या माणसाने आपला मुलगा देशासमोर आणला आणि सांगितलं, माझ्या मुलाचं झालं, तुमच्या मुलाचं होऊ देऊ नका.

साल लक्षात घ्या, १९७४. भारत सरकारचा देशव्यापी लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९७८ मध्ये, आणि पोलिओचा डोस त्यात आला त्यानंतर. पल्स पोलिओ मोहीम तर १९९५ ची. सरकारची गाडी निघायच्या आधी एक विनोदी नट तिकीटबारीवरून हा निरोप देत होता.

हा निरोप पोचला का? माझ्यापुरतं सांगतो. आम्ही शिक्षक पोलिओच्या कामाला अनेक वर्षं गेलो आहोत. थंडीत सकाळी बूथ लावायचा, मग उरलेल्या घरांना जायचं, दारावर खडूने खूण करायची. तेव्हा अफवांचा जोर होता. डोस दिला की पोरं मोठेपणी बाप होऊ शकत नाहीत, आपली संख्या कमी करायचा हा डाव आहे, असं शिकलेले लोकही बोलायचे. काही दारं आमच्या तोंडावर लागली. अशाच एका गल्लीत ओट्यावर एक शिंपी बसलेला असायचा. पस्तीस-चाळीसचा, एक पाय काठीसारखा. त्याने एकदा सांगितलं की लहानपणी वालिद त्याला खांद्यावर बसवून ‘कुँवारा बाप’ दाखवायला घेऊन गेले होते. मध्यंतरानंतर सगळं थिएटर रडत होतं, पण वालिद त्याचा पाय हातात धरून बसले, एक शब्द बोलले नाहीत. घरी येऊन अम्मीला एवढंच म्हणाले की आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

त्यानंतर तो कुबडी घेऊन आमच्यासोबत दारोदार यायला लागला. आम्ही कितीही समजावलं तरी जे दार उघडत नव्हतं, ते त्याचा पाय पाहून उघडायचं. प्रत्येक वेळी नाही. पण उघडायचं.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते, जगातल्या एकूण रुग्णांच्या जवळपास निम्मे. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावड्यात सापडला, एक लहान मुलगी. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला सगळा विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. यात लाखो आरोग्य सेविका, डॉक्टर, मशिदीतून ऐलान करणारे इमाम, शिक्षक, सगळ्यांचा वाटा आहे. मेहमूद यांचा किती, हे मोजता येणार नाही. पण त्या शिंप्याच्या वालिदांना पहिल्यांदा कुणी सांगितलं, ते मला माहीत आहे.

उतरती वर्षं

‘कुँवारा बाप’नंतर त्यांनी ‘जिनी और जॉनी’ काढला, ‘एक बाप छह बेटे’ काढला. १९७६ च्या ‘सबसे बड़ा रुपैया’मध्ये पैसा गेला की नाती कशी गळून पडतात ते दाखवलं. १९७९ मध्ये राजेश खन्ना यांना घेऊन ‘जनता हवलदार’ दिग्दर्शित केला. ज्यांच्या नावाची कंडक्टर-ड्रायव्हरमध्ये वाटणी केली होती, त्यांनाच नायक घेतलं! पण तो सिनेमा चालला नाही. काळ बदलला होता. अमिताभ यांच्यासारखा नायक मारामारीही करत होता आणि विनोदही. वेगळ्या विनोदी नटाची गरज कमी होत गेली. ज्याला मेहमूद यांनी घरात ठेवून घेतलं, त्याच्याच लाटेत मेहमूद यांचा जमाना ओसरला. दुनियेची रीत आहे.

१९९४ च्या ‘अंदाज़ अपना अपना’मध्ये ते पुन्हा दिसले, वाह वाह प्रॉडक्शनचे मालक म्हणून. दिग्दर्शक होते राजकुमार संतोषी, म्हणजे ज्या पी. एल. संतोषींची गाडी मेहमूद चालवायचे त्यांचे चिरंजीव. १९९६ मध्ये त्यांनी शेवटचा सिनेमा दिग्दर्शित केला, ‘दुश्मन दुनिया का’. विषय होता नशा. दारूने मोडलेलं घर लहानपणी पाहिलेल्या माणसाचा शेवटचा सिनेमा नशेविरुद्ध असावा, हे मला फार बोलकं वाटतं. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव लकी अली गायक म्हणून घराघरांत पोचले.

तब्येत ढासळत गेली. इलाजासाठी ते अमेरिकेत गेले आणि २३ जुलै २००४ रोजी पेनसिल्व्हेनियात झोपेतच त्यांचा इंतकाल झाला. वय ७१.

आता आपलं काम

काही घरांत सिनेमाचं नाव काढलं की नाराजी होते. त्यांच्या भावनेचा आदर आहे, त्यावर वाद नाही. पण एका बापाची कहाणी म्हणून तरी मेहमूद यांच्याकडे पाहावं. पोलिओ गेला, पण लसीबद्दलचा संशय अजून गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. लहान लेकरं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. वस्त्या कुणाच्या, हे वेगळं सांगायला नको. जळगाव-धुळ्याला मालेगाव काही लांब नाही. आपली सोयरीक तिथे, येणं-जाणं रोजचं.

तर एखाद्या रविवारी घरच्यांसोबत ‘कुँवारा बाप’ पाहा. पोरं आधी हसतील, मग गप्प होतील. सिनेमा संपला की कपाटातून लसीकरणाचं कार्ड काढा आणि कुठला डोस राहिलाय का, ते बघा. राहिला असेल तर सोमवारी शाळेला अर्धा दिवस उशीर झाला तरी चालेल, दवाखान्यात जाऊन या. वर्गशिक्षक रागावणार नाहीत, हे मी माझ्या वर्गापुरतं नक्की सांगतो.

अल्लाह मरहूम मेहमूद साहेबांची मगफिरत करो.